जुन्या साड्यांची हातशिवणीची गोधडी: कापड निवडण्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत

गोधडी शिवायला घेतली की सगळ्यांचं लक्ष टाक्यांवर असतं. टाका बारीक, सरळ, एकसारखा यावा हे ठीकच. पण वाकडा टाका चार धुण्यांनंतर कुणाला दिसतही नाही. गोधडीची वाट लागते ती त्याच्या बरीच आधी, कापड निवडताना आणि थर अंथरताना. विरलेली साडी तळाला गेली, सुतीत नायलॉन मिसळलं, मधल्या थराला झोळ राहिला, की मग वरून कितीही देखणी शिवण घाला, गोधडी काठाला फाटते नाहीतर मधोमध फुगते. म्हणून इथे शिवणीपेक्षा तयारीवर जास्त लिहिलं आहे.

माप घेतलं आहे एका माणसाच्या पांघरायच्या गोधडीचं: ५१ इंच रुंद, ८४ इंच लांब, म्हणजे सव्वाचार फूट बाय सात फूट, सहा थरांची. थरांचा ढोबळ हिशेब असा: बाळाच्या दुपट्याला दोन ते तीन, पांघरायला पाच-सहा, अंथरायला आठ किंवा जास्त. आठांच्या वर गेलात तर सुई ओढता ओढता बोटांची सालं निघतात, त्यामुळे पहिल्या वेळी सहाच्या पुढे जाऊ नका. हात अगदीच नवा असेल तर आधी ३० बाय ४० इंचांचं तीन थरांचं दुपटं शिवा. कृती तीच, फक्त चुका स्वस्तात होतात.

कापड कोणतं घ्यायचं

सुती, जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. रोजच्या नेसणीतल्या सुती साड्या, आजीची नऊवारी लुगडी, घरात असतील तर धोतरं. धोतर तर आतल्या थराला फारच छान: पातळ, मऊ, रंग जायची भीती नाही. चादरीचं कापड घट्ट विणलेलं असतं, एखादा थर चालेल, दोन घातले की सुई अडते. कोरं कापड शक्यतो नकोच. ते नंतर आटतं, भोवतालचं जुनं कापड आटत नाही, आणि दोन्हींच्या ओढाताणीत चुण्या पडतात. वरच्या बाजूला नवंच घालायचा हट्ट असेल तर दोन वेळा भिजवून, वाळवून मग घ्या.

सिंथेटिक साड्या बाजूला काढा. घाम शोषत नाहीत, थरात घसरतात आणि त्यांचा धागा शेजारच्या सुताला कापतो. साडी शुद्ध सुती आहे का याची शंका असेल तर कडेचे दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, वासही तसाच, आणि राख बोटांनी चुरडता येते. सिंथेटिक धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात राख आणि गाठ दोन्ही मिळतात, तेही नको.

इरकलीबद्दल वेगळं सांगायला हवं. अंग सुती असलं तरी पदर आणि काठ बहुतेक वेळा रेशमी किंवा कृत्रिम रेशमी असतात. अंग बिनधास्त वापरा, पदर आणि काठ कापून वरच्या सजावटीला ठेवा. जर असलेला काठही काढाच. पांघरल्यावर जर हनुवटीला टोचते आणि धुण्यात तिचे धागे सुटे होऊन बाहेर येतात.

आता ताकद बघायची. साडी उजेडासमोर धरा. जिथे जाळीसारखं दिसतं ते कापड आतल्या थरात. मग दोन्ही अंगठे कापडावर जवळजवळ ठेवून बाहेरच्या बाजूला ओढा. टर्रकन फाटलं तर तो भाग गोधडीत घालूच नका, आतल्या थरातही नाही. गुडघ्याजवळचा आणि निऱ्यांचा भाग असा आधी जातो; पदराखालचा आणि आतल्या टोकाचा चांगला राहतो. म्हणजे एकाच साडीतले तुकडे वेगवेगळ्या कामाला जाऊ शकतात.

लाल, काळा, गडद निळा या रंगांची परीक्षा घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. पांढरा ओला फडका साडीवर घासा. रंग उतरला तर ती साडी पुन्हा पुन्हा धुवा, फडका कोरा राहीपर्यंत. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं घराघरांत सांगतात, त्यावर विसंबू नका. रंग जात राहिलाच तर ती साडी बाद. गोधडी एकदा शिवल्यावर आतल्या थराचा रंग वर आला तर काहीही करता येत नाही.

सगळं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून धुवा, म्हणजे खळ निघेल. खळीच्या कापडात सुई जड जाते आणि पुढे कसरही तिथेच लागते. फॉल आणि पिको उसवा, हूक-टिकल्या काढा, इस्त्री करा. इस्त्रीचा कंटाळा येतो, पण घडीची रेघ राहिली तर थर अंथरताना तिथे हमखास हवा राहते.

कापायचा हिशेब

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच लांब असते. पन्हा ४४ ते ४६ इंच. तिचे लांबीत चार सारखे तुकडे करा: प्रत्येकी ५४ इंच. दोन तुकडे काठाला काठ लावून, अर्ध्या इंचाची शिवण घालून जोडले की ५४ बाय ८७ इंचांचा एक थर तयार. म्हणजे एका साडीत दोन थर आणि तीन साड्यांत सहा थरांची गोधडी. जुन्या साड्या धुऊन आटलेल्या असतात, त्यामुळे कापण्याआधी प्रत्येक साडी मोजा. सगळ्यात आखूड साडी जी असेल तिच्यावरून रुंदी ठरवा. नऊवारीत हाच हिशेब सहा तुकड्यांचा, म्हणजे तीन थरांचा.

तळाचा थर पूर्ण ५४ बाय ८७ ठेवा. बाकीचे पाच ५१ बाय ८४ करा. तळाचं कापड चारी बाजूंनी दीड इंच जास्त राहतं, तेच वर दुमडून काठ होतो; वेगळा गोट लावायची गरज नाही. साडीचा विणीचा काठ जाड असेल तर तो दुमडीत येऊ देऊ नका. तळाच्या तुकड्यांचे काठ आधीच कापा आणि लांबी तेवढी कमी धरा, नाहीतर चार पदरी काठातून सुई काढताना सुई मोडेल.

सांध्यांकडे लक्ष द्या. सहाही थरांचे जोड बरोबर मधोमध आले तर गोधडीच्या पोटावर आडवी दोरी फिरवल्यासारखी रेघ उठते आणि झोपणाऱ्याला ती टोचते. तळाचा आणि वरचा जोड मधोमध येऊ द्या. आतल्या थरांपैकी निम्म्यांत एक तुकडा अखंड मध्ये ठेवा, दुसऱ्याचे दोन उभे भाग करून एकेक दोन्ही टोकांना लावा. जोड मग मध्यापासून दूर सरकतात. आतल्या थरांचे जोड शिवायचीही गरज नाही. कडा अर्धा इंच एकमेकींवर चढवून ठेवल्या की गोधडीच्या शिवणीत त्या आपोआप पक्क्या होतात, आणि जोड सपाट राहतो.

तळाला सर्वांत मजबूत साडी, वर देखणी आणि धड, विरलेल्या मध्ये.

वरच्या थरासाठी चौकटींचा नमुना

वरचा थर अख्ख्या साडीचा ठेवला तरी गोधडी सुंदरच दिसते. पट्ट्यापट्ट्यांच्या साडीवर हातशिवण तर फारच उठून दिसते. पण साठवलेले काठ, खणाचे तुकडे, फाटलेल्या साडीचा धड राहिलेला पदर वापरायचा असेल तर चौकटीत चौकट हा नमुना नवख्यांना सोपा जातो. त्रिकोणांचे तुकडे तिरक्या कापाला ताणले जातात आणि नवख्या हातात हमखास वाकडे होतात. चौकटीत सगळे काप सरळ धाग्याला.

सगळ्या जोडांना अर्ध्या इंचाची शिवण धरून मापं अशी:

मधला तुकडा: २८ बाय ६१ इंच. इथे पदर किंवा आवडीची साडी.

पहिली चौकट: ५ इंच रुंदीच्या पट्ट्या. दोन ६१ इंच लांबीच्या, त्या मधल्या तुकड्याच्या लांब बाजूंना जोडा. मग ३६ इंचांच्या दोन, त्या आखूड बाजूंना.

दुसरी चौकट: पुन्हा ५ इंच रुंद. लांब बाजूंना ६९ इंचांच्या दोन, मग आखूड बाजूंना ४४ इंचांच्या दोन.

तिसरी चौकट: या पट्ट्यांची बाहेरची कड कशालाच जोडायची नसल्याने रुंदी साडेचार इंच पुरते. लांब बाजूंना ७७ इंचांच्या दोन, आखूड बाजूंना ५१ इंचांच्या दोन.

शेवटी नेमका ५१ बाय ८४ चा थर मिळतो. पट्ट्या कमी पडल्या तर तुकडे जोडून लांब करा, जोड दिसले तरी बिघडत नाही. हे जोडकाम शिलाई मशीनवर करायला काहीच हरकत नाही. प्रत्येक जोडानंतर शिवण उलट बाजूने एकाच अंगाला, गडद कापडाकडे, इस्त्री करून पाडा. बाहेरच्या चौकटीवर पुढे पाऊण इंच काठ चढणार आहे, त्यामुळे ती थोडी अरुंद दिसेल. इरकलीचा रुंद काठ तिथे लावला असेल तर हे आधी लक्षात घ्या, नाहीतर नक्षी झाकली जाईल. रेशमी तुकडा वर घेतलाच तर त्याखाली सुती थर अखंड हवा, तुकड्याच्या मागे पोकळी नको.

थर अंथरणं

फरशी झाडून, पुसून, कोरडी करून घ्या. गादीवर किंवा सतरंजीवर थर लावू नका, खालचा पृष्ठभाग दबला की झोळ कळत नाही. तळाचं कापड उलट बाजू वर करून पसरा. चारी कोपरे आणि बाजूंचे मध्य चिकटपट्टीने फरशीला लावा. कापड ताठ बसावं, ताणलं जाऊ नये. ताणलेलं कापड पट्टी काढल्यावर आखडतं आणि वरचे थर सैल पडतात. कडेपासून दीड इंचावर खडूने चारी बाजूंनी रेघ मारा.

त्या रेघेच्या आत एकेक थर ठेवत जा. प्रत्येक थरानंतर दोन्ही तळहात मध्यावर ठेवून बाहेरच्या दिशेने फिरवा. घाई इथेच नडते. सगळे थर एकदम टाकून वरून कितीही हात फिरवला तरी दुसऱ्या-तिसऱ्या थरातली सुरकुती वरच्या कापडाखाली दडून बसते. पंखा बंद ठेवा.

आता कच्चे टाके, म्हणजे थर धरून ठेवायला घालायचे आणि नंतर काढून टाकायचे. साध्या शिवणदोऱ्याने, कापडावर उठून दिसेल अशा रंगाचा, दोन-दोन इंचांचे लांब टाके. मध्यबिंदूपासून सुरू करून चारी कडांकडे चार ओळी घाला, मग त्यांच्या आजूबाजूला सहा-सहा इंचांवर उभ्या आणि आडव्या. प्रत्येक ओळ मध्यातून बाहेर, कधीही उलट नाही. उरलेली हवा बाहेर ढकलली जाते ती याच वेळी. सेफ्टी पिना लावू नका, विरलेल्या साडीत त्यांची भोकं तशीच राहतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि बरेच जण ओळी एक-एक फुटावर घालून मोकळे होतात. मग पक्क्या शिवणीच्या शेवटच्या फेऱ्यांना रडतात.

काठ दुमडणं

चिकटपट्ट्या काढा. तळाचं दीड इंच जास्तीचं कापड आधी निम्मं आत दुमडा आणि मग तेच वरच्या थरावर आणा. पाऊण इंचाचा नीट काठ मिळेल, कच्ची कड आत जाईल. कोपऱ्यावर आधी टोक तिरकं आत वळवा, वळणाची रेघ वरच्या थरांच्या कोपऱ्याला टेकेल इतकं. टोकाचा जास्तीचा भाग थोडा कापून टाका, मग दोन्ही बाजू दुमडून आणा, म्हणजे कोपऱ्यात तिरपी बारीक रेघ दिसते आणि गोळा होत नाही. काठही कच्च्या टाक्यांनी बसवून घ्या.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हळियाळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांत घड्या घातलेले रंगीत त्रिकोण बसवतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात आणि त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. तसं काही करायचं असेल तर काठ दुमडतानाच त्रिकोणाची कच्ची कड आत सारा, नंतर जोडलेला त्रिकोण टिकत नाही.

सुई, दोरा, अंगुस्तान

दोरा सुतीच. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत म्हणून घेतात, पण तो जुन्या कापडापेक्षा बळकट असतो आणि ओढ बसली की दोरा राहतो, कापड कापलं जातं. गोधडीचा जाड सुती दोरा मिळाला तर उत्तम, नाहीतर भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर घ्या. मेणावरून एकदा ओढला की गुंता कमी होतो. एका वेळी हातभर लांबीचाच दोरा ओवा. लांब दोरा वाचवतो तेवढा वेळ गाठी सोडवण्यात जातो.

दोरा किती लागेल? पाऊण इंचावर फेऱ्या घातल्या तर या मापात सुमारे ३४ फेऱ्या होतात आणि शिवणीची एकूण लांबी जवळजवळ १४२ मीटर भरते. एकेरी दोऱ्याने गाठी-वळणं धरून १८० मीटर, दुहेरीने त्याच्या दुप्पट. एकाच रंगाचा हवा असेल तर सगळा एकदम आणा, दुसऱ्या खेपेला तीच छटा मिळेल याची खात्री नाही.

सुई मोठ्या नाकाची, पण अंगाने बारीक. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. सहा थरांना पाच किंवा सहा नंबर बरा पडतो. दाभण घेऊ नका. मधल्या बोटात धातूचं अंगुस्तान, म्हणजे सुई रेटायची टोपी, हवंच, त्याशिवाय सहा थर रेटता येत नाहीत.

शिवण

गोधडी बाहेरून आत शिवतात. पहिली फेरी दुमडलेल्या काठाच्या आतल्या कडेला, सगळ्या थरांतून. दुसरी तिच्या आत पाऊण इंचावर, अशा चौकटी लहान होत मध्यापर्यंत जातात. कच्चे टाके आतून बाहेर घातले आणि पक्की शिवण बाहेरून आत चालली, हे उलट वाटेल, पण काठ आधी पक्का झाल्यामुळे पुढे गोधडी फिरवताना थर सरकत नाहीत.

टाका साधा धावदोरा. तांदळाच्या दाण्याएवढा वर, तेवढाच खाली. गोधडी मांडीवर गोळा करू नका, जमिनीवर पसरून बसा. डावा हात खाली घालून सुईचं टोक बोटाला लागतंय का पाहा. न लागलं तर टाका तळापर्यंत गेलेला नाही. सुई सरळ रोवा, टोक खाली लागलं की लगेच वर वळवा, असे तीन-चार टाके सुईवर घेऊन मग अंगुस्तानाने रेटून एकदम ओढा. तिरपी सुई घातली तर वर टाका दिसतो, तळाला नुसता ठिपका येतो किंवा काहीच नाही. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी उजवीकडून डावीकडे जावं. दोरा ओढून घट्ट करू नका. कापडावर तो नुसता बसला पाहिजे. दर हातभर शिवणीनंतर शिवलेला भाग तळहाताने सपाट करून बघा. चुणी दिसली तर तिथेच शेवटचे टाके सैल करा, पुढे जाऊन ती सुटत नाही.

दोरा सुरू करताना गाठ वर ठेवू नका. एक इंच अलीकडून सुई फक्त वरच्या थरांत घालून शिवणीवर काढा आणि हलका झटका द्या, गाठ आत जाते. संपवताना दोन बारीक उलटे टाके घ्या, सुई थरांमधून इंचभर सरकवून बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा.

कोपऱ्यावर टाका नेमका वळणावर संपवा. वळणाच्या अलीकडे-पलीकडे संपला तर पुढच्या फेऱ्यांत कोपरे गोल होत जातात आणि शेवटी चौकटीचं अंडं होतं. अंतरासाठी प्रत्येक फेरी आखत बसायची गरज नाही, बोटाच्या रुंदीवर नजर बसते. मात्र दर पाच-सहा फेऱ्यांनी मध्यापासूनचं अंतर चारी बाजूंनी मोजा, एक बाजू पुढे पळत असेल तर दोन-तीन फेऱ्यांत हळूहळू सुधारा. जिथे शिवण पोचली तिथले कच्चे टाके कापत चला. सगळे एकदम काढू नका.

मध्यात दहा-बारा इंच राहिले आणि कापड फुगलेलं दिसलं, तर दाबून शिवू नका. फुगा लहान असेल तर उरलेल्या चौकटीच्या मधोमध आधी एक उभी आणि एक आडवी ओळ घाला, सैल कापड चार ठिकाणी वाटलं जातं आणि फेऱ्यांत मुरतं. मोठा असेल तर आतल्या दोन-तीन फेऱ्या उसवून वरचा थर सारखा करा. तेही जमलं नाही तर जास्तीच्या कापडाची सरळ एक घडी पाडा आणि तिच्यावर खणाचा चौकोन ठिगळ म्हणून लावा. मधोमध बसलेलं ठिगळ नक्षीच वाटतं.

मशीनवर गोधडी शिवून मिळते, लवकर होते, स्वस्तही पडते. माझं मत विचाराल तर दुपट्याला चालेल, पांघरायच्या गोधडीला नको. मशीनची टीप कापडाला घट्ट आवळते आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. हाताच्या सैल टाक्याने ती अंगालगत पडते. शिवाय जुन्या कापडात जवळजवळ पडलेली भोकं एका रेषेत फाटतात.

धुणं आणि डागडुजी

वापरण्याआधी एकदा थंड पाण्यात बुडवून वाळवा. खडूच्या रेघा जातात, टाके बसतात आणि गोधडीला खळगे-उंचवटे येतात. बाळाच्या दुपट्यावर सुटे दोरे, मणी, आरसे काही नको, आणि तान्ह्या बाळाच्या तोंडावर जाईल इतकं मोठं दुपटं पांघरू नका.

ओली गोधडी फार जड होते. एका दोरीवर टाकली तर मध्ये ताणून टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर आडवी टाका किंवा कठड्यावर पसरा. पिळू नका, पाणी निथळू द्या. पावसाळ्यात धुवायचीच नाही, आतले थर वाळत नाहीत आणि कुबट वास जात नाही. ठेवताना प्लास्टिकमध्ये बांधू नका. जुन्या चादरीत गुंडाळून वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला, पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस उन्हात टाका.

आधी काठ विरतो, तोही पांघरताना हनुवटीकडे येतो त्या बाजूचा. तो फाटेपर्यंत थांबू नका. साडीचा जुना मऊ काठ त्या बाजूला दुपदरी चढवून धावदोऱ्याने शिवा. वरचा थर जागोजागी गेला असेल तर एकेक ठिगळ लावत बसण्यापेक्षा अख्खी एक साडी वरून घाला आणि जुन्या फेऱ्यांच्या मधल्या जागेतून नव्या फेऱ्या शिवा. त्याआधी जुनी गोधडी धुऊन पूर्ण वाळवलेली असावी आणि नवी साडी कच्च्या टाक्यांनी, मध्यातून बाहेर, बसवलेली असावी.